४८ मतांची रात्र

संपादक महोदय,
४ जून २०२४ ला कॉलेजच्या अंकासाठी मी गोरेगावच्या नेस्को मतमोजणी केंद्राबाहेर उभी होते. वायव्य मुंबईत लोकसभेला शिंदेंची शिवसेना विरुद्ध ठाकरेंची शिवसेना. तेव्हाचे खासदार गजानन कीर्तिकर शिंदेंकडे, मुलगा अमोल ठाकरेंचा उमेदवार. संध्याकाळी अमोल जिंकल्याची आवई उठली, गुलाल उडाला. मीही मोबाइलवर बातमी लिहून मोकळी! (वाहिन्यांच्या घाईवर वर्गात आम्हीच हसायचो.) मग बाद टपाली मतांची फेरतपासणी झाली आणि शिंदेंचे उमेदवार रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. एक काका रुमालाने कपाळावरचा गुलाल पुसत माझ्याजवळ आले. ‘पोरी, तू काय छापणार आता?’ मी पहिली ओळ खोडत होते.

– पत्रकारितेची एक विद्यार्थिनी, मुंबई