२४ हजार कार्डं

सोलापूर,
२० जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

नंदीध्वजांची मिरवणूक झाली, पण सिद्धेश्वराची गड्डा जत्रा अजून भरलेलीच आहे आणि घरात पाहुण्यांचा राबता आहे. त्यामुळे उत्तराला उशीर झाला. नववीच्या सहा पोरांना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला नेऊन एका कलासंग्रहालयाच्या ग्रंथालयात दिवसभर बसवून काय मिळवलं, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगून माझं समाधान झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडचे प्रकल्प तुला ठाऊकच आहेत. रंगीत प्रिंट, प्लास्टिकची फाइल, आणि आत कुठून तरी उचललेले दोन परिच्छेद. ‘सोलापुरी चादर’ हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ती टिकाऊ आहे, एवढं लिहिलं की संपलं. ज्या पोरीच्या घरात विणकामासाठी सुताच्या कांड्या भरल्या जातात, तीही तेच लिहिते. याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा रेणुकानं तो विषय घेतला. तिचे वडील अशोक चौकाच्या पुढे एका कारखान्यात जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर आहेत. घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी. ग्रंथालयात तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तिला विचारलं, “तुला काय पाहायचंय?” ती म्हणाली, “चादर.” “चादरीतलं काय?” “फूल.” “फुलाचं काय?” रेणुका जरा थांबली आणि म्हणाली, “ते कापडात येतं कसं?” बाई उठल्या आणि थेट विणकामाच्या कपाटाकडे गेल्या. सुधीर, मी बावीस वर्षं शिकवतोय, पण प्रश्न असा सोलून काढायला मी पोरांना कधी शिकवलं नव्हतं.

पुस्तक इंग्रजी, जाडजूड. बाईंनी ते मागून उघडायला लावलं. आधी सूची, मग टिपा, मग चित्राखालची बारीक अक्षरं. कुणी केलं, कधी केलं, कशावर केलं, हे त्या दोन ओळींत असतं. तिथेच पोरं अडकली. पानावर एका म्हाताऱ्या गृहस्थाचं चित्र होतं. खुर्चीत बसलेला, हातात कंपास, मागे हत्यारं, बाजूला मागाचं छोटं मॉडेल. सगळ्यांना ते छापील चित्र वाटलं, मलाही. रेणुकानं खालची ओळ अक्षर अक्षर लावून वाचली आणि म्हणाली, “सर, इथे रेशीम लिहिलंय.”

ते विणलेलं होतं! तो गृहस्थ म्हणजे जोसेफ मारी जॅकार्ड, ज्याच्या नावाचा माग आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, रोज खडखडतो. त्यानं १८०४ च्या सुमारास मागावर नक्षीसाठी भोकं पाडलेल्या कार्डांची युक्ती बसवली. कार्डात भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, मधून धोटा जातो आणि पुढचं कार्ड येतं. त्याच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये फ्रान्सातल्या लिऑन शहरात तशाच मागावर त्याचं चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. संगणकाची कल्पना मांडणाऱ्या बॅबेजनंही याची एक प्रत मिळवली होती.

त्या चित्राची एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. या संग्रहालयानं २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं कुणालाही वापरायला खुली केली आहेत आणि स्वतःची जुनी पुस्तकंही इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. म्हणजे मुंबईचं तिकीट परवडत नसेल तरी तुझ्या पोरांचं अडणार नाही. पण एकदा तरी खऱ्या ग्रंथालयात ने. अशा ठिकाणी पुस्तक घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं आणि पेन्सिलीनं टिपून घ्यायचं. त्यामुळे पोरं जे लिहितात ते वाचून लिहितात. आधी पत्र पाठव, विषय आणि पोरांची संख्या स्पष्ट कळव. मी एका ठिकाणी पाठवलेल्या पत्राला उत्तरच आलं नव्हतं, पण दुसरीकडे दार उघडलं.

टिपांमधूनच आमच्या आदित्यला आणखी एक गोष्ट सापडली. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या कापडाचे ७०० नमुने, खरे तुकडे कापून, १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले आणि त्यातले १३ ब्रिटनमध्येच ठेवले, तिथल्या गिरण्यांना इथल्यासारखा माल काढता यावा म्हणून. “म्हणजे आपलं कापड बघून आपल्यालाच विकायचं?” आदित्य एवढ्या मोठ्यानं बोलला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वर पाहिलं. इतिहासाच्या तासाला गिरण्या आणि हातमाग हा धडा मी किती वेळा घेतलाय, पण एवढा राग कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता.

परत आल्यावर रेणुकाच्या घरी गेलो होतो. तिनं वडिलांना मोबाइलवर ते चित्र दाखवलं. त्यांनी आधी हात पुसले, मग चित्र मोठं करून त्यातल्या कोटाच्या घडीवर आणलं आणि बराच वेळ पाहत राहिले. “कार्डं किती?” एवढंच विचारलं. तिनं आकडा सांगितला. ते तेलुगूत काहीतरी पुटपुटले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, एक कार्ड मागंपुढं झालं ना, तर नाक कानावर जातंय.” रेणुकानं ते वाक्य लगेच वहीत लिहिलं. खाली वडिलांचं नाव, तारीख आणि ‘प्रत्यक्ष मुलाखत’, ग्रंथालयातल्या पुस्तकात पाहिलं होतं तसंच.

येत्या शनिवारी ते वर्गात येणार आहेत. कारखान्यातली जुनी, बाद झालेली कार्डांची माळ मालकाला विचारून आणतो म्हणालेत. तुला सुट्टी काढता आली तर शुक्रवारी रात्रीच ये, आई तुझी वाट बघतेय. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
दिलीप