येताना दोन, जाताना एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अधूनमधून कुणाला तरी रानात नेऊन खून केल्याची बातमी येते. गाव बदलतं, घाट बदलतो, कधी अभयारण्य असतं तर कधी राष्ट्रीय उद्यान, पण शब्द तेच. ‘प्रेमसंबंधातून’, ‘रागाच्या भरात’, ‘घनदाट जंगलाचा फायदा घेऊन’. परवा पुन्हा तशीच आली. मी नेहमीप्रमाणे चिडचिड केली, तर मंडळी म्हणाल्या, "मला काय सांगताय? त्यास्नी लिवा की." म्हणून लिहितो आहे.

मी वन खात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. माझ्या नोकरीत असा एक खून येऊन गेला. कुठला नाका, कोणतं साल, ते सांगत नाही. दोन्ही घरची माणसं आहेत, त्यातली काही अजून बाजारात भेटतात.

सकाळी पावणेआठला नाक्यावर मोटारसायकल आली. दोन तरुण पोरं. नाक्यावरच्या वनमजुरांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. तात्यांनी नोंदवहीत नाव, गाव, गाडीचा नंबर आणि ‘इसम दोन’ असं लिहून घेतलं, पावती फाडली, बांबू वर केला. दुपारी सव्वादोनला तीच गाडी परत आली. वर एकच पोरगा. तात्यांनी विचारलं, "दुसरं पाव्हणं कुठं?" तो म्हणाला, "मागनं एसटीनं येतोय." तात्या ‘बरं’ म्हणाले आणि बांबू वर केला.

आमच्या नाक्याच्या आत एसटी जात नव्हती. तात्यांच्या हे ध्यानात आलं तेव्हा गाडी वळणापलीकडं गेली होती. मग त्यांनी नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘जाताना इसम एक. शर्ट येगळा.’ चौथी शिकलेल्या माणसाचं ते वाकडंतिकडं अक्षर पुढं सेशन कोर्टात निशाणी पडून पुरावा झालं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन हिंडलो, काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांनी जागा दाखवली. कारवीच्या दाटीत, वाटेपासून फार आत नाही. जास्त लिहीत नाही. पण जंगलात काही लपतं हा शहरातल्या माणसाचा समज आहे. आम्हाला मोडलेल्या फांदीवरून गवा किती वेळापूर्वी गेला ते कळतं. दोन माणसं वाट सोडून कारवीत शिरली आणि एकच बाहेर आली, हे तिथल्या जमिनीवर सरळ लिहिलेलं होतं. निळ्या माश्या तर काही तासांत येतात, त्यांना कुणी वर्दी द्यावी लागत नाही.

घोळ झाला तो माणसांकडून. ओढ्याच्या अलीकडं एक पोलीस ठाणं, पलीकडं दुसरं. हद्द कुणाची यावर नकाशा पसरून दुपारपर्यंत बोलणी चालली, आणि पोराचा बाप दरडीला टेकून बसलेला. (आता निदान गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट आहे. तरी आमच्या चांदोलीसारख्या ठिकाणी हा प्रश्न कायम डोक्यावर असतो. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं 317.67 चौरस किलोमीटरचं रान, 2010 साली त्याला कोयना अभयारण्य जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असे चार जिल्हे तिथं एकमेकांना भिडतात. बिबट्याला हद्द नसते, पंचनाम्याला असते.)

कारण नंतर कळलं. दोघं एकाच वर्गातले. मेलेला मुलगा वर्गातल्या एका मुलीशी बोलायचा आणि ते दुसऱ्याच्या डोळ्यांत सलत होतं. बास, एवढंच. त्या मुलीनं दोघांपैकी कुणालाच कधी काही म्हटलेलं नव्हतं. तेव्हाच्या पेपरांनी मात्र ‘प्रेमाच्या त्रिकोणाचा रक्तरंजित शेवट’ असं छापलं. आपला पेपर होता की दुसरा, ते सोडा. त्रिकोणाला तिसरा बिंदू लागतो. त्या बिचारीला आपण बिंदू आहोत हेच ठाऊक नव्हतं. तिचं कॉलेज सुटलं. मामाच्या गावी नेऊन ठेवली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं.

खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलांचं म्हणणं असं, की दोघं फिरायला गेले, तिचा विषय निघाला, शब्दाला शब्द लागला, पोराचं डोकं फिरलं. रागाच्या भरात झालं. सरकारी वकिलांनी शांतपणे दोन गोष्टी पुढं ठेवल्या. दोरी आदल्या आठवडी बाजारातून घेतलेली होती आणि विकणारा ओळखायला आला होता. दुसरा शर्ट पिशवीत घालून घरून आणलेला होता. फिरायला जाताना पाण्याची बाटली विसरतात लोक. हा शर्ट विसरला नव्हता.

मग तात्यांची उलटतपासणी झाली. वकिलांनी नोंदवहीतल्या वेळा धरल्या. घड्याळ कुणी लावलं होतं, बरोबर होतं कशावरून, वगैरे. तात्या म्हणाले, "सायेब, घड्याळ धा मिन्टं पुढंच असायचं. पर येतानाबी त्येच घड्याळ हुतं आन् जातानाबी त्येच हुतं." कोर्टात हसू झालं, जज्जसाहेबसुद्धा खाली बघून हसले. जन्मठेप झाली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तुमचा तो ‘रागाच्या भरात’. हा शब्द वार्ताहराला साधा वाटत असेल, पण कायद्यात त्याला वजन आहे. अचानक आणि गंभीर चिथावणीमुळं भान सुटून हातून कुणी मेलं, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. जुन्या दंड विधानाच्या 300 व्या कलमात हा अपवाद होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो 101 व्या कलमात आहे. म्हणजे आरोपीचा वकील जे कोर्टात सिद्ध करायला धडपडणार, ते तुमचा वार्ताहर पहिल्याच दिवशी फुकटात छापून मोकळा होतो.

आपल्याकडं हा वाद नवा नाही. जुन्या वाचकांना नानावटी खटला आठवत असेल. नौदलातले अधिकारी कावस नानावटी यांना बायकोनं प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल सांगितलं, तो दिवस 27 एप्रिल 1959. त्यांनी बायको-मुलांना सिनेमा थिएटरवर सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथं तो नाही म्हणून घरी गेले आणि गोळ्या घातल्या. ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयानं ते फिरवून जन्मठेप दिली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या निकालात वेळेचा हिशोब आहे. दुपारी दीडला घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी खून झाला. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटींची बाजू कशी उचलून धरली होती आणि लोक त्यांना कसे डोक्यावर घेत होते, हे तुम्हा पत्रकारांना मी सांगायला नको. 1964 मध्ये त्यांना माफीही मिळाली.

मुंबईतले ते जवळजवळ तीन तास. आता आमच्याकडचा हिशोब करा. सांगलीहून कुणाला चांदोलीत न्यायचं तर शिराळा, कोकरूड, चरण, आरळा करत मणदूरच्या बाजूला पोचायचं. वाटेत चहा होतो, पेट्रोल होतं, एखाद्या देवळापाशी गाडी थांबते. नाक्यावर नाव सांगायचं, पैसे द्यायचे, सही करायची. मग पुढं आत चालायचं. एवढ्या वेळात कितीदा मागं फिरता आलं असतं! सोबतचा माणूस तर विश्वासानं मागं बसलेला असतो. जो माणूस मत्सरानं पेटून दुसऱ्याला मुद्दाम रानात नेतो, तो रागाच्या भरात नसतो. तो हिशोबात असतो. कीर्तनात आम्ही षड्रिपु ऐकत आलो: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. तुमच्या बातमीत सहाव्याचं सगळं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, आणि उरलंसुरलं प्रेमाच्या.

‘अनैतिक संबंधातून’ हा आणखी एक. व्यभिचाराचं 497 वं कलम सर्वोच्च न्यायालयानं 2018 सालीच रद्द केलं. मग नैतिक-अनैतिक ठरवायला वार्ताहर कुठल्या पंचांसमोर जातो? पुष्कळदा तो फक्त नवऱ्याचा संशय असतो. संशयाच्या जागी ‘संबंध’ छापला की मेलेल्या बाईवर खटला उभा राहतो, आणि तिच्या बाजूनं बोलायला तीच नसते. ‘संशयावरून’ असं लिहायला शाई जास्त लागत नाही.

आणि जंगलाचं काय? त्या बातम्यांनंतर आमच्याकडं माणसं ‘तो स्पॉट’ विचारत यायला लागली. बुद्धपौर्णिमेला आम्ही पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजायला बसायच्या तयारीत, आणि पोरं विचारताहेत, काका, खून कुठं झाला तेवढं दाखवा की. गावातल्या एका बहाद्दरानं तर दुसरीच एक जागा दाखवून चहापाण्याचे पैसे काढले. आम्ही गप्प बसलो. खरी जागा झाकलेली राहिली हेच बरं.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की वार्ताहराला ‘पोलीस सूत्रां’पाशी न थांबवता नाक्यावर पाठवा. आता प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन होतं, आधार नंबर घेतात, सगळं चकाचक आहे असं ऐकतो. आत किती गेले ते कळतं. बाहेर पडताना माणसं मोजतात का, तेवढं विचारायला सांगा. आमच्या नोंदवहीत तो रकाना नव्हता. त्या प्रकरणानंतर तात्यांनी पट्टी घेऊन प्रत्येक पानावर लाल शाईनं स्वतः आखला, ते निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या जागी जो आला, त्यानं पहिल्याच महिन्यात मला विचारलं होतं, "साहेब, छापील वहीत नाही तो रकाना मी कशाला भरू?"

आपला,
एक निवृत्त वनपाल
ता. शिराळा, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये.)