गॅप इयरची एक्सेल शीट

प्रिय मनू,

मेडिकल कॉलेजच्या आधीच्या गॅप इयरची तुझी शीट उघडली आणि पहिली पाच मिनिटं नुसती हसत होते. बारा महिने, सात रंग, आणि डिसेंबरच्या चौकटीत काय तर 'स्वतःला शोधणे (२ आठवडे)'. बये, दोन आठवड्यांत सापडलीस तर मला पण कळव.

पण परत वाचली तेव्हा लक्षात आलं की तू घाबरलीयेस. मी पण असाच तक्ता केला होता गं, फक्त वहीत, आणि त्याचा उपयोग एवढाच की वर्ष वाया घालवलं असं कुणी म्हणायला नको. त्यामुळे आता जरा लांबलचक लिहितीये, बसून वाच.

आधी एक कोरडं काम उरकून टाक. सीट पुढच्या वर्षावर ढकलल्याचं जे पत्र कॉलेजनं दिलंय ते नीट पूर्ण वाच, परत कन्फर्म कधी करायचं, डिपॉझिटचं काय, मधे दुसरीकडे अर्ज केलेला चालतो का. तारखा फोनमध्ये टाक, आणि काकूंना पण सांगून ठेव, त्या तुझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

आता तुझी हिरवी चौकट, ते तीन आठवड्यांचं परदेशातलं मेडिकल व्हॉलंटियरिंग. मी असंच एक केलंय, फोटो तू लाइक केले होतेस. जे तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगते. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात सिरिंज दिली, म्हणाले रक्त काढ. व्हिडिओ सोडून मी कुठे सुई टोचताना बघितलीच नव्हती. एका बाईच्या हातात तीनदा टोचलं, चौथ्यांदा तिथल्या नर्सनं एक शब्द न बोलता सिरिंज काढून घेतली आणि झटक्यात काम केलं. ती बाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, भाषा कळली नाही पण हाताची खूण कळली, असू दे असू दे. आणि मी रात्री घरी फोन करून सांगतीये की आज ब्लड कलेक्शन केलं! लाज वाटायला पुढे वर्षभर लागलं. म्हणजे बघ, जे काम मला घराजवळच्या दवाखान्यात कुणी करू दिलं नसतं ते लांबच्या गरीब माणसावर करायला मिळालं, आणि त्याचे पैसे वर मीच भरले. सर्टिफिकेट अजून कुठल्या तरी फायलीत आहे. तुला जायचंच असेल तर जा, पण आधी विचार की तिथे मी नक्की काय करणार आणि ते करायचं ट्रेनिंग माझ्याकडे आहे का. उत्तर गोलमोल आलं तर चौकट पुसून टाक.

त्या ट्रिपनंतर पैसे संपले म्हणून मी केअर असिस्टंटची नोकरी धरली, ठरवून बिरवून नाही, जाहिरात दिसली म्हणून. वर्षातलं खरं जे काही झालं ते तिथे झालं.

स्ट्रोकनंतर उजवी बाजू गेलेले एक आजोबा होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाच्या वर आणि टाचांना बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा, होतात. पहिल्या दिवशी मी पोतं ढकलतात तशी ढकलायला गेले, तर तिथल्या सीनियर ताईनं हात धरला. म्हणाली, आधी त्यांना सांग तू काय करणारेस. मग लांबचा गुडघा दुमडायचा, लांबचा हात छातीवर घ्यायचा, खांदा आणि कंबर एकदमच धरून आपल्याकडे वळवायचं, पाठीला उशी, गुडघ्यांच्या मधे उशी, टाच गादीला टेकता कामा नये. चादरीला एक सुरकुती राहिली तरी कातडी लाल होते, मग बोटानं दाबून बघायचं, लाली क्षणभर जाते का तशीच राहते. तशीच राहिली तर लगेच नर्सला सांगायचं.

आजोबांचं बोलणं पण गेलं होतं, एकच शब्द उरला होता, 'हो'. उशी ठीक आहे का, हो. खिडकी बंद करू का, हो. मला वाटायचं किती समजूतदार माणूस आहे. तीन आठवडे लागले कळायला की त्यांचे दोन 'हो' आहेत, एक सरळ, आणि एक शेवटी खाली आपटणारा, ज्याचा अर्थ मुळीच नाही, चालती हो. बिचाऱ्यांची खिडकी मी तीन आठवडे उगाच बंद करत होते! नंतर कॉलेजात अफेझिया, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं जाणं, शिकवला, फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकाचा १८६१ चा तो पेशंट जो फक्त 'टॅन' म्हणायचा, सगळे मेंदूचं चित्र रंगवत होते आणि माझ्या कानात तो आपटलेला 'हो' वाजत होता.

म्हणून म्हणते, जूनपासून निदान सहा महिने असलं काहीतरी धर जिथे तीच माणसं रोज भेटतील. डॉक्टरांच्या मागे वही घेऊन फिरणं चार दिवस कर, पाचव्या दिवशी तू भिंतीला टेकून उभी असणारेस. आणि समजा करून बघितल्यावर वाटलं की आजारी माणसांजवळ आपल्याला थांबवत नाही, तर ते आत्ता कळलेलं स्वस्त पडेल, सेकंड इयरला कळलं तर फार महाग जातं. आमच्या बॅचमध्ये एकाला तेव्हा कळलं. असो.

रिसर्चची निळी चौकट मला कळते, पण स्वतःचा प्रोजेक्ट वर्षात संपवायच्या भानगडीत पडू नकोस, पेशंटचा डेटा हवा असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी यायलाच काही महिने जाऊ शकतात. कुणाच्या तरी चालू कामात घुस. इंटरव्ह्यूला विचार की मंगळवारी सकाळी दहा वाजता मी काय करत असेन. डेटा एंट्री असं उत्तर आलं तरी वाईट नाही, निदान खरं आहे.

अ‍ॅनाटॉमी आधीच पाठ करणार म्हणतेस ती चौकट मात्र उडव. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलं होतं की उजळणी नसेल तर बरंचसं पाठांतर पहिल्या दिवसातच उडतं, आणि वर्षभर २०६ हाडांची उजळणी करायला तू काय वेडी आहेस का. वापरायचंच काही शिकायचं तर सीपीआर शिक, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दोन मिनिटांत घाम फुटतो.

आणि हेपटायटिस बीच्या लसीचं बघ! तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, मग एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी तयार झाल्यात का बघतात. म्हणजे सात-आठ महिने गेलेच, आणि वॉर्डात जाताना हे बहुतेक सगळीकडे मागतात. मी शेवटच्या घटकेला धावपळ केली होती. लहानपणी झाले असतील तर काकूंकडून कार्ड शोधून घे.

शीट परत पाठव पण रंग कमी कर. आणि फोन कर गं, रविवारी, दुपारी चारच्या आत नको, नाइट करून झोपलेली असेन.

तुझीच,
रेवा