आधी रक्त घ्या, मग इंजेक्शन द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी यावल तालुक्यातला शेतकरी. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी घसा धरून, सांधे सुजून ताप आला होता. त्यात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली. गेल्या कापूस वेचणीत तिला पुन्हा ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी कणकण, रात्री घामानं गोधडी ओली. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला. नखांखाली बारीक लालसर-काळ्या रेघा दिसत होत्या. आई म्हणाली, बोंडाची टोकं लागली असतील. आम्हालाही ते पटलं. त्या रेघा हृदयाच्या झडपेला जंतू लागण्याच्या आजाराची खूण असू शकतात, हे फार उशिरा कळलं.

शहरात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, तेव्हा झडपेवर जंतूंचा गोळा दिसला. किडका दात, सुजलेली हिरडी, एवढ्यावरूनही जंतू रक्तात शिरतात आणि खराब झडपेवर ठाण मांडतात. कोणता जंतू आहे ते ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघितल्यावर कळतं, पण ते रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं लागतं. बहिणीच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, कारण आधीच किती इंजेक्शनं झाली होती! डॉक्टरांना अंदाजानं औषध निवडावं लागलं. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. त्यातच एका सकाळी झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला. वाचा परत आली, उजवा हात आला नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या का नसाव्यात? त्या बर्फात ठेवायच्या नसतात, फक्त त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हव्यात. नंदुरबारकडच्या धडगाव-मोलगीच्या घाटातून ते जमवायला गाडी लागेल, तेवढी द्या. झडपेचा रुग्ण लांबलेला ताप घेऊन आला की आधी कल्चरचं रक्त, मग अँटिबायोटिक, असं लेखी कळवा.

आणि असा सांधे सुजणारा ताप येऊन गेलेल्या मुलांना, तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी लागणारं पेनिसिलीनचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळू द्या. बहिणीचं ते लहानपणी मध्येच सुटलं होतं.

दसऱ्यानंतर वेचणी जोरात सुरू होते. आदेश त्याआधी निघावा, ही हात जोडून विनंती.

आपला,
यावल तालुक्यातील एक शेतकरी