तुझ्या संघाच्या हाकांविषयी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू शिकवतेस त्या मुलींचा परवाचा व्हॉलीबॉलचा सामना मी शेवटपर्यंत पाहिला. हार तुझ्या मनाला लागली आहे आणि म्हणून तू स्मॅशचा सराव वाढवणार आहेस, असे फोनवर म्हणालीस. मला मात्र वाटते की सामना नेटपाशी गेला नाही, मागच्या ओळीत गेला. दुसऱ्या सेटमध्ये 21-21 असताना पलीकडून आलेली अगदी साधी सर्व्हिस दोन मुलींच्या बरोबर मधे पडली. दोघीही चेंडूपर्यंत सहज पोहोचल्या असत्या, पण दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि चेंडू आपटल्यावर "अगं, मला वाटलं तू घेशील" असे एकदमच म्हणाल्या.

"माझा" ही हाक चेंडू नेट ओलांडतानाच निघाली पाहिजे. सरावात ज्या पासला हाक नाही, तो कितीही नेमका सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीच्या, हाती गेला तरी मोजायचा नाही, एवढा नियम कर. पण हाक का निघत नाही, याचाही विचार कर. जी हाक देते तिच्याच माथी चूक येते, हे मुलींना कळते. पास चुकला की तू हात झटकून मान फिरवतेस; तुला त्याचे भान नसेल, मुलींना आहे, कारण गुण गेला की त्या आधी बाकाकडे, तुझ्याकडे पाहतात. ही तुझी सवय सुटल्याशिवाय त्यांचा आवाज फुटणार नाही.

सर्व्हिसबाबत थोडेच लिहितो. पंचांच्या शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात, आणि तुझ्या मुली चेंडू हाती येताच मारून मोकळ्या होतात. दोन टप्पे, एक श्वास, चेंडू कुठे टाकायचा ते ठरवणे, हा क्रम दर वेळी तोच असू दे. (मी खेळत असताना चुकलेल्या सर्व्हिसनंतर हाताकडे पाहत असे, जणू दोष त्याचाच.) सरावाच्या शेवटी 23-23 पासून छोटे सेट खेळव, म्हणजे त्या गुणसंख्येची धास्ती ओळखीची होईल.

पुढच्या सामन्याला मी वही घेऊन बसणार आहे. गुण फलकावर दिसतीलच. मी हाका मोजीन, आणि तू किती वेळा मान फिरवलीस तेही.

तुझा,
बाबा