आठवडी बाजार गावातच राहू द्या

महोदय,

भंडारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा नगरपंचायतीच्या गावातला आठवडी बाजार बायपासलगतच्या मोकळ्या जागेत हलवण्याच्या हालचाली सुरू आहेत. बाजारामुळे वाहतूक तुंबते, हे खरे आहे. मात्र या भागात शेतमजुरांचा आठवड्याचा चुकारा बाजाराच्याच दिवशी होतो. त्या पैशांत तेल-मीठ, लाखोळीची डाळ, वाळलेली मासळी घेऊन अंधार पडण्यापूर्वी बस गाठणाऱ्या बायांना बसथांब्यापासून लांब गेलेला बाजार कसा परवडेल? सांबार (कोथिंबीर) आणि अंबाडीच्या जुड्या गोणपाटावर मांडून बसणाऱ्या म्हातारीचा माल संध्याकाळपर्यंत सुकतो. तिला सध्या निदान कडुनिंबाची सावली तरी आहे. बुरडांची सुपे-टोपल्या तर गिऱ्हाईक हाताने दाबून, विणीवर बोट फिरवून पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि असे गिऱ्हाईक जाता-येताच थांबते.

पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार (जिथे विक्रेते व गिऱ्हाईक परंपरेने जमतात असे) वारसा बाजार म्हणून घोषित करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशी तरतूद आहे. त्याच कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. आमच्याकडे विक्रेत्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. बाजार-वसुलीची पावती मात्र न चुकता फाडली जाते. त्या पैशांतून आधी पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि पावसाळ्यातल्या चिखलावर मुरूम एवढी सोय करावी, तसेच बाजाराच्या दिवशी जड वाहने बायपासने वळवावीत.

– एक वाचक, जि. भंडारा