सुटे भाग ‘एल-वन’ने घेऊ नका

महोदय,

संरक्षण साहित्याच्या स्वदेशीकरणाच्या बातम्या वाचून मनापासून आनंद होतो. पण रडार किंवा रेडिओ संचाच्या आतल्या कार्डांवर (सर्किट बोर्डांवर) जे शेकडो सुटे भाग बसवलेले असतात, त्यांच्या खरेदीबद्दल कुणीच बोलत नाही. मी पुण्यात कंपोनंट इंजिनीअर म्हणून याच कामात होतो, म्हणून हे लिहितो आहे.

कुठली आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, वापरायची, ती उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल का, कुणाकडून घ्यायची आणि तिचं उत्पादन बंद झालं तर पुढे काय, हे आमचं काम. त्यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जिकिरीचा. संच २५-३० वर्षं सैन्यात राहतो, आयसी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. उत्पादक तसं कळवतो आणि शेवटच्या ऑर्डरसाठी साधारण सहा महिने देतो. आपल्याकडे तेवढ्यात मंजुरीची फाइलसुद्धा हलत नाही. मग निविदा निघते आणि सर्वांत कमी दराच्या, म्हणजे ‘एल-वन’ व्यापाऱ्याला ऑर्डर जाते. त्याने माल कुठून उचलला, हे कुणी विचारत नाही.

असा माल मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. आयसी दिसायला कोरी करकरीत. ॲसिटोनचा बोळा फिरवला की काळा लेप कापसावर उतरतो आणि खाली मूळ छपाई घासून काढल्याचे ओरखडे दिसतात. पहिल्या पिनची खूण असलेला खळगा अर्धवट बुजलेला. एक्स-रे काढला तर एकाच बॅचच्या दोन नगांत आतली डाय, म्हणजे सिलिकॉनची मूळ चकती, वेगवेगळ्या आकाराची! ई-कचऱ्यातल्या जुन्या कार्डांवरून उपसून, नवं नाव आणि उत्पादनाच्या तारखेचा नवा डेट कोड छापून विकलेला हा माल. खोलीच्या तापमानाला त्यातले बरेच नग चाचणीत पास होतात, हे तर अधिकच वाईट. सियाचिनच्या थंडीत तेच नग चालतील याची हमी कोण देणार?

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२च्या अहवालात २००९ आणि २०१० या दोनच वर्षांतली बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० संशयित प्रकरणं नोंदवली. त्यातले भाग दहा लाखांहून जास्त होते, आणि सी-१३०जे विमानाच्या डिस्प्लेपर्यंत ते पोचले होते. एवढा पैसा आणि यंत्रणा असलेल्या देशाची ही गत.

आपल्या २०२०च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत स्वदेशी घटकाचं प्रमाण किमतीवर मोजतात. लाखोंच्या संचात शंभर रुपयांची आयसी त्या टक्केवारीत दिसतही नाही. पण ती गेली की संच बंद.

संरक्षण मंत्रालयाला माझी कळकळीची विनंती आहे. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत, ‘एल-वन’ची अट इथे लावू नये. शेवटच्या खरेदीचा अधिकार आणि निधी प्रकल्पप्रमुखाच्या हातात असावा. आणि अधिकृत वितरकाला जास्त दर दिला म्हणून लेखापरीक्षणात खरेदी करणाऱ्यावर ठपका येऊ नये. आज खरेदी अधिकारी स्वस्त व्यापाऱ्याकडे वळतो, तो बहुतेकदा याच ठपक्याच्या धास्तीने.

— एक निवृत्त कंपोनंट इंजिनीअर, पुणे